राजाला नाटकगृहाचे पडदे वाचवायचे होते, गे-ल्युसॅकने सापडवलेलं मीठ आज वणव्यात विजेचे खांब वाचवतंय

कॅलिफोर्नियात वणवा पेटल्याची बातमी आली की अग्निशमन दलाच्या मागोमाग वीज कंपन्यांची माणसंही टँकर घेऊन डोंगरात जातात. त्यांचं काम आग विझवण्याचं नसतं. आग अजून लांब असतानाच तिच्या वाटेतल्या लाकडी विजेच्या खांबांवर ती एक द्रावण फवारतात. बुंध्यापासून वर माणसाचा हात पोहोचेल त्याच्याही पुढे खांब भिजवला जातो आणि गाड्या पुढच्या खांबाकडे निघतात.

या द्रावणातलं मुख्य रसायन म्हणजे अमोनियम फॉस्फेट. आपल्याकडे कृषी सेवा केंद्रात डीएपीची गोणी मिळते ना, त्याच कुटुंबातलं. ऑफिसच्या जिन्यात टांगलेल्या लाल सिलिंडरवर एबीसी लिहिलेलं असतं, त्यातली पावडरही बहुतेक वेळा याच कुटुंबातली.

हे मीठ आग अडवतं, हे नीट प्रयोग करून सांगणारा माणूस दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये होऊन गेला. अकरावी सायन्सला असलेल्या प्रत्येकाने त्याचं नाव वाचलेलं आहे. वायूंच्या नियमांच्या धड्यात भेटणारा जोसेफ लुई गे-ल्युसॅक तो हाच. धड्यात त्याचा नियम येतो, पण त्याचं आयुष्य येत नाही. ते आयुष्य मात्र बलून, स्फोट, राजे आणि आगी यांनी भरलेलं होतं.

गावावरून आडनाव, क्रांतीत बालपण

६ डिसेंबर १७७८ रोजी फ्रान्सच्या मध्य भागातल्या सेंट-लेओनार्द या छोट्या गावात त्याचा जन्म झाला. घराण्याचं मूळ आडनाव नुसतं गे. वडील वकील होते आणि सरकारी न्यायव्यवस्थेत काम करायचे. त्या भागात गे आडनावाची माणसं बरीच, म्हणून घराण्याची जमीन असलेल्या ल्युसॅक या वस्तीचं नाव त्यांनी आडनावाला जोडलं. आपल्याकडे गावाच्या नावाला कर लावून आडनाव होतं, तसाच प्रकार.

तो दहा वर्षांचा असताना फ्रेंच राज्यक्रांती झाली. राजाच्या काळात सरकारी काम केलेली माणसं संशयाच्या फेऱ्यात आली आणि त्याच्या वडिलांनाही अटक झाली. ते जिवंत सुटले, पण घरची घडी विस्कटली. पोराला शिकून स्वतःच्या पायावर उभं राहणं भाग होतं. १७९७ मध्ये तो पॅरिसच्या इकोल पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला. क्रांतीनंतर सुरू झालेल्या या संस्थेत परीक्षा देऊन प्रवेश मिळायचा आणि विद्यार्थ्यांना भत्ता मिळायचा.

तिथे त्याला हेरलं बर्थोले या नावाजलेल्या रसायनशास्त्रज्ञाने. पॅरिसजवळच्या आर्क्यूल गावातल्या आपल्या घरी बर्थोलेने प्रयोगशाळा थाटली होती. त्याने गे-ल्युसॅकला मदतनीस म्हणून घेतलं. लवकरच त्याच्या लक्षात आलं की हा पोरगा गुरूला काय आवडेल ते बघून उत्तर देत नाही, प्रयोगात जे दिसतं तेच सांगतो.

१८०२ मध्ये, वयाच्या चोविशीत, गे-ल्युसॅकने दाखवून दिलं की दाब सारखा ठेवला तर सगळे वायू तापमानाबरोबर सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात. शार्ल नावाच्या शास्त्रज्ञाने पंधरा वर्षं आधी असेच प्रयोग केले होते, पण ते छापले नव्हते. गे-ल्युसॅकने आपल्या लेखात त्याचा उल्लेख केला. हा नियम आज चार्ल्सचा नियम म्हणून शिकवला जातो, त्याचं मोठं कारण गे-ल्युसॅकचा हा प्रामाणिकपणाच आहे.

कळसूबाईच्या चौपट उंचीवर, एकटाच

१८०४ साल. उंचीवर गेल्यावर पृथ्वीचं चुंबकत्व कमी होतं का, आणि तिथली हवा वेगळी असते का, असे प्रश्न तेव्हा शास्त्रज्ञांपुढे होते. उत्तर हवं तर वर जाऊन बघायला हवं. २४ ऑगस्टला गे-ल्युसॅक आणि त्याचा सहकारी बियो हायड्रोजनच्या बलूनमधून सुमारे ४,००० मीटरवर गेले.

त्याला ते पुरेसं वाटलं नाही. १६ सप्टेंबरला तो एकटाच पुन्हा वर गेला आणि यावेळी पोहोचला ७,०१६ मीटरवर. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे, म्हणजे हे चार कळसूबाई एकावर एक ठेवले तरी त्याच्या वर. ऑक्सिजनचं नळकांडं नाही, उबदार सूट नाही. तापमान उणे साडेनऊ अंशांवर गेलं, श्वास आणि नाडी जोरात चालू लागली, घसा कोरडा पडला. तरी तो नोंदी घेत राहिला आणि आणलेल्या बाटल्यांत हवा भरून घेतली. रुआं शहराजवळच्या एका गावात तो सुखरूप उतरला. त्या उंचीचा विक्रम पुढे जवळपास पन्नास वर्षं टिकला.

खाली आल्यावर त्याने ती हवा तपासली. वरच्या आणि जमिनीवरच्या हवेत ऑक्सिजनचं प्रमाण सारखंच निघालं. ज्या ऑक्सिजनवर आग जगते, तो सगळीकडे हवेच्या साधारण पाचवा हिस्सा असतो. आगीला अडवायचं असेल तर उघड्यावरची हवा काढून घेता येणार नाही, उपाय दुसरीकडे शोधावा लागणार.

काउंटरखाली रसायनशास्त्राचं पुस्तक

पुढची काही वर्षं त्याच्यासाठी धामधुमीची होती. थोर प्रवासी हम्बोल्टच्या एका जुन्या संशोधनावर त्याने कडक टीका केली होती. हम्बोल्टने राग धरला नाही, उलट मैत्री केली. दोघांनी मिळून पाणी तयार होताना दोन भाग हायड्रोजनला एक भाग ऑक्सिजन लागतो हे मोजलं आणि मग इटलीचा दौरा करून व्हेसुव्हियस ज्वालामुखीही पाहिला. १८०८ च्या अखेरीस गे-ल्युसॅकने वायू आकारमानाच्या साध्या प्रमाणात एकत्र येतात हा नियम मांडला. अकरावीच्या पुस्तकात येतो तो हाच. त्याच्याच आधारावर १८११ मध्ये ॲव्होगॅड्रोने आपलं गृहीतक मांडलं.

याच काळात एका कापडाच्या दुकानात त्याला एक तरुणी दिसली. गिऱ्हाईक नसेल तेव्हा ती काउंटरखाली लपवलेलं पुस्तक वाचत असायची. पुस्तक रसायनशास्त्राचं होतं. तिचं नाव जोसेफीन रोजो. १८०९ मध्ये त्यांचं लग्न झालं, पुढे पाच मुलं झाली. संसार चालवायला गे-ल्युसॅकने एकाच वेळी अनेक नोकऱ्या केल्या. तो प्राध्यापक होता, दारूगोळा खात्याचा सल्लागार होता आणि नंतर टांकसाळीत चांदीची शुद्धता तपासणारा मुख्य अधिकारीही झाला.

पण त्याच्या आयुष्यात आगीने पहिला हिशोब याच काळात चुकता केला. इंग्लंडमध्ये डेव्हीने विजेच्या मदतीने पोटॅशियम वेगळं केलं होतं. गे-ल्युसॅक आणि त्याचा मित्र तेनार यांनी लोखंडी बंदुकीच्या नळीत पोटॅश आणि लोखंडाचा कीस तापवून ते जास्त प्रमाणात मिळवलं. याच पोटॅशियमच्या मदतीने त्यांनी १८०८ मध्ये बोरॉन वेगळं केलं. कॅरम बोर्डवर आपण जी बोरिक पावडर टाकतो, त्यातलंच हे मूलद्रव्य. पण पाण्याचा थेंब लागला तरी पेट घेणारा हा धातू. एका प्रयोगात स्फोट झाला आणि गे-ल्युसॅकच्या डोळ्यांना जबर इजा झाली. काही काळ त्याला दिसेनासं झालं. दृष्टी परत आली, पण डोळे कायमचे नाजूक राहिले.

राजाचं काम आणि १८२१ चा लेख

त्या काळातली नाटकगृहं म्हणजे आगीचं आमंत्रणच. रंगमंचावर तागाचे आणि सुती कापडाचे भलेमोठे पडदे, लाकडी चौकटी आणि त्यांच्यामध्ये उघड्या ज्योतींचे दिवे. पॅरिसचं ओदेऑं हे नाटकगृह १७९९ मध्ये जळालं, पुन्हा बांधलं आणि १८१८ मध्ये परत जळालं. त्याआधी १८१० मध्ये ऑस्ट्रियाच्या राजदूताच्या मेजवानीत मेणबत्तीची ज्योत झिरझिरीत पडद्याला लागली आणि लाकडी नृत्यमंडप बघता बघता पेटला. खुद्द नेपोलियन तिथे पाहुणा होता. राजदूताच्या भावजयीचा त्या आगीत मृत्यू झाला.

नेपोलियन गेला, अठरावा लुई गादीवर आला. नाटकगृहातलं कापड पेटू नये यासाठी काहीतरी करा, असं काम त्याने गे-ल्युसॅककडे सोपवलं.

अशी धडपड करणारा गे-ल्युसॅक पहिला नव्हता. १७३५ मध्ये लंडनच्या ओबडाया वाइल्डने तुरटी आणि टाकणखार वापरून कापड आगीपासून वाचवण्याचं पेटंट घेतलं होतं. १७८३ मध्ये मॉन्गोल्फिए बंधूंनी आपल्या गरम हवेच्या बलूनला तुरटी चोपडली होती. पण हे सगळं अंदाजाने चाललेलं. कोणतं मीठ चालतं, का चालतं, हे कुणी पद्धतशीर तपासलेलं नव्हतं.

गे-ल्युसॅकने एकामागून एक क्षार घेतले, कापड त्यात भिजवलं, सुकवलं आणि ज्योतीला लावलं. १८२१ मध्ये त्याने निष्कर्ष छापले. उपयोगी पडणारे क्षार दोन प्रकारचे निघाले, आणि हे दोन्ही प्रकार आपल्या बाजारपेठेत रोज बघायला मिळतात.

पहिला प्रकार सोनाराच्या दुकानात. सोनार डाग देताना टाकणखार वापरतो. तापल्यावर तो वितळतो आणि धातूवर काचेसारखा थर बसतो. कापडाच्या धाग्यावरही असाच थर बसला की हवा आत पोहोचत नाही.

दुसरा प्रकार कल्हईवाल्याकडे. तापलेल्या भांड्यात तो नवसागर टाकतो आणि पांढरा धूर उठतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापलं की त्याचे वायू होतात आणि हे वायू स्वतः पेटत नाहीत. कापडातून निघणाऱ्या पेटत्या वाफेत ते मिसळले की ती वाफ पातळ होते आणि ज्योत टिकत नाही.

अमोनियम फॉस्फेट या दोन्ही गोष्टी करतं. तापल्यावर त्यातला अमोनिया उडून जातो आणि मागे फॉस्फोरिक आम्लाचा थर उरतो. गे-ल्युसॅकने ताग आणि अंबाडीसारख्या कापडांसाठी अमोनियम फॉस्फेट, नवसागर आणि टाकणखार यांची मिश्रणं सुचवली.

त्याच्या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळीच आहे. कापड जळणारच नाही, असा दावा त्याने केला नाही. ज्योत जिथे लागेल तिथे कापड काळं पडेल, कोळसा होईल, पण आग तिथून पुढे सरकणार नाही, एवढंच त्याने सांगितलं. जळणं टाळता येत नसलं तरी पसरणं टाळता येतं. आगरोधक रसायनांचं सगळं शास्त्र आजही याच एका वाक्यावर उभं आहे.

विजेचा दांडा, लाकडाचा भुसा आणि शेवटची आग

पुढच्याच काळात, १८२३ मध्ये, इमारतींवर वीज पडून आग लागू नये म्हणून तडितवाहक कसे बसवावेत याच्या सूचना फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने काढल्या. त्या लिहिणाराही गे-ल्युसॅकच. १८२९ मध्ये त्याने लाकडाचा भुसा तीव्र अल्कलीबरोबर तापवून त्यातून ऑक्झॅलिक आम्ल मिळवलं. सल्फ्युरिक आम्लाच्या कारखान्यातून वाया जाणारे वायू पकडणारा त्याचा मनोराही उद्योगाने पुढे स्वीकारला. १८३१ मध्ये तो खासदार झाला, १८३९ मध्ये वरिष्ठ सभागृहात गेला.

उतारवयात प्रयोगशाळेत काचेचं भांडं फुटून त्याच्या हाताला गंभीर जखम झाली. त्यानंतर तब्येत ढासळत गेली. आयुष्याच्या शेवटी तो रसायनशास्त्राच्या तत्त्वज्ञानावर एक ग्रंथ लिहीत होता. तो पुरा होणार नाही हे कळल्यावर हस्तलिखित जाळून टाकायला त्याने मुलाला सांगितलं, असं म्हणतात. ९ मे १८५० रोजी पॅरिसमध्ये त्याचा मृत्यू झाला. आयफेल टॉवरवर ज्या ७२ नावांची अक्षरं कोरली आहेत, त्यात एक नाव त्याचं आहे.

मग खांबांचा विषय आला कुठून?

तो जिवंत असतानाच फ्रान्समध्ये एक नवीन गोष्ट उभी राहिली होती. १८४५ मध्ये पॅरिस ते रुआं अशी विजेची टेलिग्राफ लाइन सुरू झाली. पुढच्या काही दशकांत जगभर तारा आल्या आणि तारांबरोबर लाकडी खांबही आले. या खांबांचा पहिला शत्रू आग नव्हता. तो होता कुजणं आणि वाळवी. फ्रान्सच्या बुशेरीने त्यावर मोरचुदाचं पाणी वापरलं, इंग्लंडच्या बेथेलने डांबरी तेल वापरलं. १९३३ मध्ये आपल्या देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसन यांनी तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण शोधलं. सीसीए या नावाने ते जगभर गेलं आणि असंख्य खांबांचं आयुष्य त्याने वाढवलं.

पण वणव्यात सीसीएचा एक दोष उघड झाला. गवताची आग खांबाजवळून काही मिनिटांत पुढे निघून जाते. ज्वाळा विझतात. लोकांना वाटतं, खांब वाचला. पण लाकडात मुरलेल्या तांबं आणि क्रोमियममुळे आतली धग विझत नाही. शेगडीतल्या निखाऱ्यासारखा खांब तासन्‌तास आतून धुमसत राहतो आणि नंतर अचानक कोसळतो.

खांब पडला की नुसती वीज जात नाही. पाण्याचे पंप बंद पडतात, मोबाइल टॉवर मुके होतात, गावाबाहेर पडायच्या रस्त्यावर तारा आडव्या होतात. म्हणजे ज्या वेळी फोन, पाणी आणि रस्ता सगळ्यात जास्त हवा असतो, नेमक्या त्याच वेळी ते जातात. ऑस्ट्रेलियात २०१९-२० च्या वणव्यांमध्ये न्यू साउथ वेल्स राज्यातल्या एकट्या एसेन्शियल एनर्जी या कंपनीचे ३,००० हून जास्त खांब जळाले.

आपल्याकडे बहुतेक खांब लोखंडाचे किंवा सिमेंटचे असतात, त्यामुळे ही अडचण चटकन लक्षात येत नाही. मग अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया लाकूड सोडत का नाहीत? कारण लाकडी खांब स्वस्त आणि हलका असतो, त्यावर चढता येतं आणि तो डोंगरात नेणं सोपं जातं. कॅलिफोर्नियाच्या पीजी अँड ई कंपनीने २०२१ मध्ये १०,००० मैल तारा जमिनीखाली टाकण्याची घोषणा केली, पण त्याला एका मैलामागे लाखो डॉलर आणि कित्येक वर्षं लागतात. तोवर उभे आहेत ते खांब सांभाळणं भाग आहे.

त्यासाठी चार गोष्टी केल्या जातात. पहिली सगळ्यात साधी. खांबाभोवतीचं गवत आणि झुडपं काढून टाकायची. यंत्रसामग्री बसवलेल्या ठरावीक खांबांभोवती १० फूट जागा मोकळी ठेवावी, असा कॅलिफोर्नियाचा कायदाच आहे. आपले शेतकरी आणि वनखातं जाळरेषा काढतात, त्यातलाच हा विचार.

दुसरी म्हणजे फवारणी. अमोनियम फॉस्फेट लाकडावर बसलं की उष्णतेत त्याचं आम्ल होतं. हे आम्ल लाकडातलं पाणी ओढून घेतं आणि पेटणारी वाफ बनण्याऐवजी वरचा थर कोळसा होतो. या कोळशाच्या आड आतलं लाकूड सुरक्षित राहतं. २०० वर्षांपूर्वी पडद्यावर जे घडलं, तेच इथे खांबावर घडतं.

तिसरी गोष्ट, खांबाच्या खालच्या भागाला गुंडाळायची जाळी. तिच्यावर ग्रॅफाइटचा खास लेप असतो. एरवी जाळीतून हवा खेळती राहते, त्यामुळे लाकूड कुजत नाही. आग जवळ आली की लेप फुगतो, भोकं बंद होतात आणि खांबाला चिलखत चढतं. असेच फुगणारे रंगही मिळतात आणि त्यातल्या बऱ्याच रंगांमध्ये अमोनियम फॉस्फेटचाच भाऊबंद असतो. चौथी गोष्ट, जास्त धोक्याच्या जागी लाकूड काढून पोलाद, सिमेंट किंवा फायबरचा खांब बसवायचा.

फवारणीलाही मर्यादा आहेत. हे शेवटी पाण्यात विरघळणारं मीठ. मोठा पाऊस झाला की धुऊन जातं आणि पुन्हा फवारावं लागतं. ओढ्यात गेलं तर त्यातल्या अमोनियामुळे मासे मरतात. म्हणून विमानातून असं द्रावण टाकताना अमेरिकेचं वनखातं पाण्यापासून ३०० फूट अंतर सोडतं. शिवाय मुळात हे खत, त्यामुळे जिथे पडतं तिथे पुढच्या वर्षी गवत जोमाने उगवतं आणि तेच गवत पुढच्या वणव्याचं सरपण होतं.

विरघळण्याची अडचण नाटकगृहाच्या पडद्यांनाही होती. कापड धुतलं की मीठ गेलं. म्हणून हा इलाज कायमचा कधीच नव्हता, तेव्हाही नाही आणि आताही नाही. तो फक्त वेळ मिळवून देतो. नाटकगृहात तो वेळ प्रेक्षकांना दारापर्यंत पोहोचायला पुरायचा. डोंगरातल्या गावात तेवढ्या वेळात शेवटची गाडी रस्त्याला लागते, आणि तोवर खांब उभा असेल तर तिला पुढची वाट सांगणारा फोनही लागतो.